मृगापासून आर्द्रेपर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ‘काहीतरी ऐतिहासिक’ लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. गंगा-यमुनेच्या या प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहास लिहावयाचा म्हटले की पानिपत, झाशी आणि बिठूर ही नावे आपोआप पुढे येतात. त्यांवर अधिकाराने लिहू शकणारे सभासद आपल्यात आहेत. प्रस्तुत लेखकाजवळ जुनी बी. ए.ची पदवी आणि पंचांग चाळण्याची सवय एवढेच भांडवल. म्हणून लढाया व तह बाजूस ठेवून पावसाविषयीच्या लोकसमजुतींचा आणि म्हणींचा इतिहास येथे मांडावयाचे योजिले आहे. हा इतिहास त्या लढायांहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यात पराभूत झालेल्यांची संख्याही लहान नाही.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपले सणवार चांद्रमासांवर चालतात. त्यामुळे दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. पेरणीसाठी मात्र आपल्या शेतकऱ्याने चांद्रमासावर कधीच भिस्त ठेवली नाही. ‘ज्येष्ठात पेरा’ असे कोणी ठरविले असते, तर अधिकमासाच्या हिशेबाने तो ज्येष्ठ तीन-चार आठवडे मागेपुढे सरकला असता आणि बियाणे वाया गेले असते. पाऊस सूर्याच्या चालीने येतो, तेव्हा शेतकऱ्याने सूर्याचेच नक्षत्र धरले. पंचांगात रोजचे म्हणून दिलेले असते ते चंद्राचे नक्षत्र, आणि ते दिवसागणिक बदलते. ‘मृग लागला’ या बोलण्यातील मृग निराळा. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. त्याचा मृगात प्रवेश ७ किंवा ८ जूनला होतो, आर्द्रेत २१ किंवा २२ जूनला, आणि असे करीत स्वातीपर्यंत तो ऑक्टोबरच्या २३-२४ तारखेला पोहोचतो. अक्षरशत्रू म्हणून ज्यांची आपण कीव केली, त्या आपल्या पणजोबांच्या तोंडी एक पक्के सौर पंचांग होते, आणि ते एका पानाइतकेही लांब नव्हते.

ते लक्षात राहावे म्हणून या नक्षत्रांना घरगुती नावे पडली. पुनर्वसूचा पाऊस तो ‘तरणा’, पुष्याचा तो ‘म्हातारा’, आश्लेषेचा ‘आसळकाचा’. मघेचा पाऊस सासूचा आणि पूर्वेचा सुनेचा, असे म्हणताना कोण अधिक बरसते यावर बायका हसून घेत. हस्ताचा पाऊस हत्तीचा. याच हत्तीभोवती मुलींनी फेर धरला आणि त्याचा हादगा अथवा भोंडला झाला. आपल्या मंडळात दरवर्षी नवरात्रातल्या रविवारी सतरंजीवर पाट मांडून त्यावर हत्ती काढला जातो, तो मुळात सप्टेंबरच्या अखेरीस गडगडाट करीत येणाऱ्या पावसाचा आहे, हे येथे वाढलेल्या मुलींना कोणी सांगत असेल की नाही, कोण जाणे. हस्त लागल्यापासून सोळा दिवस तो खेळण्याची रीत होती. खिरापती ओळखण्याच्या गडबडीत पाऊस मागे राहिला.

म्हणींचे तसेच आहे. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती’ ही सर्वांच्या परिचयाची. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो हा संस्कृत कवींचा जुना संकेत, पण देशावरच्या शेतकऱ्याने तो आपल्या शाळूशी नेऊन जोडला. ऑक्टोबरच्या अखेरीस एक सर आली तर काळ्या जमिनीत रब्बीपुरती ओल राहते. मोती ते ज्वारीच्या कणसातले. दुसरी म्हण अधिक गमतीची आहे. ‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ असे काही ठिकाणी ऐकू येते, तर काही ठिकाणी उत्तरेच्या जागी चित्रा येते. यमक दोन्हींशी जुळते, पण अर्थ एक राहत नाही. उत्तरा सप्टेंबरच्या मध्याला लागते. त्या वेळी भाताचा दाणा भरत असतो आणि पाण्याची गरज असते. भात इतका पिकेल की कुत्राही तोंड लावणार नाही, असा अर्थ तेथे नीट बसतो. चित्रा लागते १० ऑक्टोबरच्या सुमारास. हळवा भात तेव्हा कापणीला आलेला असतो, आणि त्यावर पाऊस पडला तर तो कुजून कुत्र्याच्याही कामाचा राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे एकाच यमकात एक आशा आणि एक धास्ती अशा दोन म्हणी दडलेल्या आहेत. मघा नक्षत्राविषयीची म्हण मात्र इतकी रोखठोक आहे की, कुटुंबाने एकत्र बसून वाचावयाच्या या अंकात ती छापता येणार नाही. घरातील ज्येष्ठांना एकान्तात विचारावी.

आता आपल्या या प्रदेशाकडे वळू. बदलीवर येथे आलो त्या पहिल्या वर्षी जूनच्या दहा तारखेला गावाहून आईचा फोन आला, “मृग लागला, तुमच्याकडे पडला का रे?” येथे लू वाहत होती. घरी दूध घालणारे गृहस्थ कनौजकडच्या खेड्यातले. त्यांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अभी कहाँ साहब, अदरा लगने दीजिए.” मृगाचे त्यांना काही विशेष वाटत नव्हते. त्यांची सारी भिस्त पुढच्या नक्षत्रावर होती.

या उत्तराचा अर्थ हवामान खात्याच्या तारखा पाहिल्या की उलगडतो. मोसमी पाऊस मुंबईस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि दिल्लीस पोहोचण्याची २७ जून, असे खात्याने २०२० साली सुधारून ठरविले. पहिली तारीख मृगात पडते, दुसरी आर्द्रेत. आपला हा भाग या दोहोंच्या मध्ये असला तरी जूनच्या उत्तरार्धातच भिजतो. म्हणजे पावसाला कोकणातून येथवर येण्यास जो काळ लागतो, तो जवळजवळ एका नक्षत्राचा आहे. मराठी म्हणींत मृगाला जो मान आहे तो हिंदी म्हणींत आर्द्रेला मिळतो, याचे कारण एवढेच. बिहारात आणि मिथिलेत आर्द्रा लागली की खीर, दाळपुरी आणि आंबा यांचे जेवण होते. शिवाय येथला पाऊस मुंबईहून सरळ चालत येत नाही. तो बंगालच्या उपसागराकडून पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणून कोकणी माणूस समुद्राकडे पाहतो आणि येथला शेतकरी पुरवाईची वाट पाहतो. दोघांच्याही म्हणी खऱ्या आहेत, परंतु एकाची म्हण दुसऱ्याच्या शेतात लावता येत नाही.

दक्षिणेत हा भेद आणखी ठळक होतो. चेन्नईत तीन वर्षे काढली. तेथे वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तमिळ लोकांचा पावसाचा महिना ऐप्पसी, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. तोही सौर महिना आहे, हे ध्यानात घेण्यासारखे. तेथला आणखी एक सण पाहावा. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या आरंभी, लोक कावेरीच्या काठी जमून चढत्या पाण्याची पूजा करतात. त्या वेळी तंजावरात पाऊस बेताचाच असतो. पाणी आलेले असते ते दूर कोडगूच्या डोंगरांत कोसळलेल्या पावसाचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांना मृगाच्या पेरणीचा काही उपयोग राहिला नसेल. त्यांनी नदीकडे पाहावयास शिकून घेतले असणार.

या सर्व म्हणींचे कर्ते कोण? मराठीत सहदेव-भाडळी ही जोडी प्रसिद्ध आहे. भाडळी ही कुठे सहदेवाची बहीण मानली आहे, तर कुठे पत्नी. गुजराती भाडली आणि हिंदी प्रदेशातला भड्डरी ही याच नावाची रूपे दिसतात. येथे ती व्यक्ती पुष्कळदा पुरुषच होते. भड्डरीच्या जोडीला घाघ आहे. परंपरा त्याला अकबराच्या काळातला आणि कनौजच्या आसपासचा मानते, म्हणजे तो आपला शेजारीच झाला. रामनरेश त्रिपाठी यांनी खेडोपाडीची वचने जमवून ‘घाघ और भड्डरी’ हा संग्रह सिद्ध केला आणि अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने तो १९३१ साली प्रसिद्ध केला. बंगालात हेच काम खना करते, आसामात आणि मिथिलेत डाक. खनेची दंतकथा तर काळजाला घरे पाडणारी आहे. ती वराहमिहिराच्या घरची सून. तिची भाकिते सासऱ्याच्या भाकितांहून खरी ठरू लागली, तेव्हा तिची जीभ कापण्यात आली, असे बंगाली लोक सांगतात. बेराचांपाजवळ चंद्रकेतुगडच्या परिसरात ‘खना-मिहिराचा ढिगारा’ म्हणून एक जागा आजही दाखवितात. दंतकथेला इतिहास म्हणता येणार नाही. तरीही पावसाचे खरे ज्ञान पोथीत होते की शेतावरच्या बायकांच्या तोंडी होते, हा जुना वाद तीत स्वच्छ दिसतो.

पोथीकडे पाहू गेल्यास तीही कमी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पर्जन्यमापक कुंड ठेवावे असे सांगून निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोणांत दिले आहे. अवंतीचा आकडा तेवीस द्रोण. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, आकडा देण्याच्या भरीस ग्रंथकार पडलेला नाही. ‘अमित’ एवढे म्हणून तो मोकळा झाला आहे. आषाढातल्या कोकणात एक दिवस काढलेल्या कोणाचीही त्यास हरकत असणार नाही. चांगल्या पावसाळ्याचे लक्षण म्हणून तेथे एक प्रमाणही दिले आहे. पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश पाऊस आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश. हवामान खात्याची १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी घेऊन हे ताडून पाहिले. जून ते सप्टेंबर देशभराचा पाऊस सुमारे ८७ सेंटीमीटर. त्यातील जुलै आणि ऑगस्टचा मिळून साडेत्रेपन्न सेंटीमीटर, म्हणजे शेकडा बासष्ट. कुंडात पडलेले पाणी मोजून काढलेला आकडा आणि आजचा आकडा यांत फारसे अंतर नाही. सरकारी नोकराला सरकारी नोंदीचे कौतुक असणारच, हा दोष वाचकांनी क्षम्य मानावा.

सहाव्या शतकातला वराहमिहिर स्वतः अवंतीचा. त्याच्या बृहत्संहितेत पावसाचे गर्भ ही कल्पना आहे. मार्गशीर्षापासून पुढे आकाशात जी लक्षणे दिसतात ती मेघांची गर्भधारणा, आणि तिची प्रसूती १९५ दिवसांनी. आकडा काटेकोर असला तरी तो अनुभवावर टिकणारा नाही. मात्र हिवाळ्यातल्या खुणांवरून पावसाळा ओळखता यावा, ही त्यामागची तळमळ खरी आहे. त्याच ग्रंथात आषाढी पौर्णिमेच्या रात्री निरनिराळी धान्ये तोलून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावी, जे वजनात वाढेल ते त्या वर्षी पिकेल, असा विधी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी ज्यांनी पाहिली असेल त्यांस याचे नवल वाटणार नाही. अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात, मधोमध चार महिन्यांच्या पावसाची म्हणून चार ढेकळे, आणि रात्रीत काय हलले, काय भिजले ते पहाटे पाहून वर्षाचे भाकीत करतात. एकापासून दुसरे निघाले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु धान्य रात्रभर आकाशाखाली ठेवून त्यालाच भविष्य विचारणे, ही दोहोंची रीत एक आहे.

या सर्व पसाऱ्यात निवड करणे अगत्याचे आहे. पंचांगातली नक्षत्रांची वाहने माझ्या मते सर्वांत निकृष्ट. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, नवाने भागावे, आणि बाकी उरेल त्यावरून बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला तर कमी. या भागाकारात आकाशाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. शिवाय महाबळेश्वर आणि माण यांना एकच वाहन मिळते! टिटवीने चार अंडी घातली की चार महिने पाऊस, हा आडाखा ऐकावयास गोड आहे. पण टिटवी सहसा चारच अंडी घालते. चंद्राला पडणाऱ्या खळ्याचे मात्र वेगळे. उंचावरच्या विरळ ढगांतल्या हिमकणांमुळे ते दिसते. दूरच्या वादळापुढे असे ढग येतात, म्हणून त्यात तथ्याचा अंश आहे. लाल मखमलीसारखा मृगाचा किडा पावसाचे भाकीत करीत नाही. पहिल्या पावसाने जमीन भिजली म्हणजे तो वर येतो. पण शेतकऱ्याला तेवढीच साक्ष हवी असे. पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, ते त्याचे विणीचे दिवस असतात. चातक तर पावसाच्या वाऱ्याबरोबर समुद्रापलीकडून आपल्याकडे येतो. कवींनी त्याला तहानलेला ठरविले; खेडुताने त्याच्या येण्याचा दिवस लक्षात ठेवला.

‘पाऊस पडेल का’ हा या आडाख्यांमागचा खरा प्रश्न नव्हताच. प्रश्न असा होता की, घरात बियाण्याची एकच पाटी आहे, ती आज जमिनीत टाकावी की आठ दिवस थांबावे? रोहिणीतला वळवाचा पाऊस फसवा असतो. त्याच्या भरवशावर पेरले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर उगवलेले करपून जाते, आणि दुबार पेरणीसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते. उशीर केला तर मृगाची पेरणी हुकते आणि पीक पडते. त्या एका निर्णयावर घर तरत असे वा बुडत असे. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १६३०च्या दुष्काळापर्यंत आणि पुढे १९७२पर्यंत दख्खनने जे सोसले ते ध्यानात घेतले, म्हणजे बुडत्याने काडीचा आधार घ्यावा तसा माणसाने टिटवीच्या अंड्यांचा का घेतला, हे समजते. आज कृषी खाते ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे बजावते. मृगाच्या किड्याचीच ही साक्ष, फक्त मिलीमीटरांत दिलेली.

सरकारने या प्रश्नात हात घातला तोही दुष्काळामुळेच. १८६४चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ सालची अवर्षणे यांनंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांजकडे त्याची धुरा आली. लगेच १८७६-७८चा भीषण दुष्काळ पडला. पुढे ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आणि पावसाळ्याचा संबंध जोडला. बर्फ अधिक, तर पाऊस कमी. हिवाळ्यातल्या दूरच्या खुणेवरून पावसाळा ओळखण्याचा हा प्रयत्न वराहमिहिराच्या गर्भाशी नाते सांगणारा आहे. फरक इतकाच की येथे नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या चुकल्या तर तसे म्हणता येत होते. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गणिती गिल्बर्ट वॉकर जगभरच्या आकड्यांत पावसाच्या खुणा शोधत राहिले. हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांवरील हवेच्या दाबांचा झोका त्यांना सापडला. आज वर्तमानपत्रांत एल निनोचे जे नाव वाचतो, त्याच्याशी या झोक्याचे नाते पुढे १९६९च्या सुमारास स्पष्ट झाले.

खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून १९२८ साली पुण्यास आले. म्हणून शिवाजीनगरातील त्या इमारतीस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्याच्या बसमधून उतरताना हे नाव ज्यांना कोड्यात टाकत असेल, त्यांच्यासाठी हा खुलासा. पुण्याचेच सुपुत्र डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८पासून सोळा घटकांवर आधारलेले पावसाचे भाकीत सुरू झाले. अनेक वर्षे ते बरोबर आले. २००२ साली मात्र सर्वसाधारण पावसाचे भाकीत असता प्रत्यक्षात पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी पडला, जुलै तर जवळजवळ कोरडाच गेला, आणि ती पद्धत बदलावी लागली. त्या वर्षी पुष्कळांनी सहदेव-भाडळीची आठवण काढली. ती न्यायाची नव्हती. भाडळीच्या चुका कोणी वहीत मांडून ठेवल्याच नाहीत, म्हणून त्या मोजता येत नाहीत.

एक मुद्दा राहिला. नक्षत्रे आकाशातल्या ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण चालीला. या दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचे अंतर पडत जाते. दक्षिणायन पूर्वी आश्लेषेच्या मध्यापासून होत असे, आता कर्काच्या आरंभापासून होते, अशी नोंद खुद्द वराहमिहिराने केली आहे. त्याच्या काळी सूर्य आर्द्रेत शिरे तो आजच्या हिशेबाने मे महिन्याच्या अखेरीस. आज २२ जूनच्या आसपास शिरतो. ‘आर्द्रा’ या नावाचा अर्थच ओली. घाघाची वचने खरोखरच अकबराच्या काळची असतील, तर त्यांतली आर्द्रा आजच्यापेक्षा पाच-सहा दिवस आधी लागत असे. आणखी हजार वर्षांनी मृग लागेल तो २२ जूनला. तेव्हा कोकणात पाऊस आला असेल रोहिणीत, आणि येथे गंगेच्या काठी मृगात.